दोन सप्टेंबर, एक बेरीज

२०२४च्या सप्टेंबरात अमेरिकन फुटबॉलमधल्या लास व्हेगास रेडर्सचा टाइट एंड ब्रॉक बावर्स चार सामने खेळला आणि पास झेलून त्याने २१६ यार्ड मिळवले. २०२५च्या सप्टेंबरात तो पुन्हा चार सामने खेळला. या खेपेस २२५. फरक नऊ यार्डांचा, म्हणजे धडधाकट माणसाची आठ-नऊ पावले. पहिल्या सप्टेंबरानंतर फुटबॉलवेडे एकमेकांना सांगत होते की असा टाइट एंड वर्षानुवर्षांत एखादाच येतो. दुसऱ्या सप्टेंबरानंतर विचारत होते, याचे बिनसले कुठे?

बेरीज जवळजवळ तीच आणि निकाल उलटे. गंमत म्हणजे दोन्ही निकालांत थोडेथोडे तथ्य होते. हंगामाच्या सुरुवातीला खेळाडूची पारख कशी करावी यावर मतांना तोटा नाही. मला त्यासाठी या आठ सामन्यांपलीकडे जावेसे वाटत नाही. मात्र ते सावकाश वाचायला हवेत, आणि गाजलेल्या सामन्यांपेक्षा न गाजलेले जास्त सावकाश.

आधी टाइट एंडची जागा समजून घेऊ, कारण ती आकड्यांना मुळातच चकवणारी आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाचे अकरा गडी असतात आणि त्यातले किमान सात चेंडूच्या रेषेवर उभे राहावे लागतात. त्या रेषेवरच्या फक्त दोन टोकांच्या गड्यांना पास झेलण्याची मुभा. मधल्या पाच आडदांडांनी समोरच्यांना अडवायचे, बस्स. टाइट एंड उभा राहतो टोकाला, पण त्या पाचांतल्या कडेच्या गड्याला, टॅकलला, खेटून. त्यामुळे त्याच्यावर दोन्ही घरची कामे येतात. शेजारचा एकशे चाळीस किलोचा टॅकल जे करतो ते त्यानेही करायचे: खाली वाकून, हात छातीशी आणून, समोरच्याला वाटेतून हटवायचे. आणि दूर कडेला उभा असलेला हलका, चपळ रिसीव्हर जे करतो तेही करायचे: ठरलेल्या पावलांवर वळायचे, बचावातली मोकळी जागा हेरायची, चेंडू झेलायचा, झेलल्यावर अंगावर येणाऱ्याला झुगारून पुढे पळायचे. एका प्लेमध्ये हे, पुढच्यात ते, आणि कधीकधी एकाच प्लेमध्ये आधी धक्का आणि मग धाव.

धावफलकात यातला एकच भाग उतरतो. आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला यष्टिरक्षक आठवावा. त्याने किती धावा काढल्या ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ठळक छापून येते. दिवसभर लेग-स्टंपबाहेर पडून वळणारे चेंडू त्याने कसे गोळा केले ते कुठेच येत नाही. टाइट एंडचे झेल आणि यार्ड या त्याच्या धावा. बाकीचे काम पाहायचे तर सामनाच पाहावा लागतो, आणि तेही चेंडूवरची नजर काढून. भारतातून पाहणाऱ्याची आणखी एक अडचण: पूर्व किनाऱ्यावरचा दुपारी एकचा सामना सप्टेंबरात आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतो, आणि पश्चिमेकडचे तर मध्यरात्र उलटल्यावर. बहुतेकांच्या हाती सोमवारी सकाळी येतो तो फक्त तक्ता. तिकडे अमेरिकेतही खेळाडूंच्या आकड्यांवर चालणारी फॅन्टसी लीग खेळणाऱ्या लाखोंना तक्त्यापलीकडे रस नसतो. त्यांना पुढच्या रविवारी कुणाला खेळवायचे ते ठरवायचे असते.

या जागेवरचे थोर खेळाडू बहुधा उशिराच पिकले, याचे कारणही हेच. टोनी गोन्झालेझने पुढे कारकिर्दीत १,३२५ झेल घेतले, पण १९९७च्या पदार्पणाच्या हंगामात त्याचे झेल होते फक्त ३३. जॉर्ज किटलने २०१७मध्ये ५१५ यार्ड मिळवले आणि लगेच पुढच्या वर्षी १,३७७. ट्रॅव्हिस केल्सी तर २०१३च्या पहिल्या हंगामात एकच सामना खेळला, एकही झेल न घेता, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे घरी बसला. या तिघांनाही त्यांच्या पहिल्या सप्टेंबरावरून जोखले असते तर जोखणाऱ्याची फजिती झाली असती. दोन कला एकदम शिकायच्या म्हटल्यावर वेळ लागणारच.

बावर्सच्या बाबतीत लोक एवढे थांबायला तयार नव्हते, आणि त्यालाही कारण होते. कॅलिफोर्नियातल्या नापाचा हा मुलगा जॉर्जिया विद्यापीठाकडून खेळताना दोन राष्ट्रीय विजेतेपदांच्या संघात होता, आणि महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम टाइट एंडला मिळणारे जॉन मॅकी पारितोषिक त्याने २०२२ आणि २०२३ असे दोनदा पटकावले होते. दोनदा ते त्याच्याआधी कुणाला मिळाले नव्हते. तरीही महाविद्यालयीन खेळाडू निवडण्याच्या एप्रिल २०२४च्या ड्राफ्टमध्ये रेडर्सनी तेराव्या क्रमांकावर त्याचे नाव घेतले तेव्हा कपाळावर आठ्या पडल्याच. त्या संघाला गरज होती पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकची, आणि पहिल्या बारा नावांत सहा क्वार्टरबॅक निघून गेले होते. शिवाय टाइट एंड त्यांनी आदल्याच वर्षी घेतला होता: मायकेल मेयर, दुसऱ्या फेरीत. म्हणजे बावर्स आला तो गरज म्हणून नव्हे, ‘एवढा चांगला आहे तर सोडायचा कसा’ म्हणून. अशा माणसाकडे पहिल्या दिवसापासून हिशेब मागितला जातो.

८ सप्टेंबरला लॉस एंजेलिस चार्जर्सविरुद्ध त्याने ६ झेल घेऊन ५८ यार्ड मिळवले. संघ २२-१० हरला. पुढच्या रविवारी बॉल्टिमोरला रेव्हन्सविरुद्ध ९ झेल, ९८ यार्ड. हा सामना पुन्हा बघण्यासारखा आहे. चौथ्या क्वार्टरमध्ये रेडर्स २३-१३ असे मागे पडले होते, धावून मैदान काटणे त्यांना दिवसभर जमलेच नव्हते, आणि तरी डॅनियल कार्लसनच्या फील्ड गोलवर त्यांनी सामना २६-२३ असा खेचून आणला. क्वार्टरबॅक गार्डनर मिन्श्यूने ३८ पैकी ३० पास पूर्ण केले. त्यातले ९ बावर्सकडे आणि ९ डेव्हांटे ॲडम्सकडे.

या समसमान वाटणीत त्या दिवसाचे सगळे मर्म आहे. ॲडम्स हा लीगमधल्या नावाजलेल्या रिसीव्हरांपैकी एक. बचावफळीतला सर्वांत तयारीचा कॉर्नरबॅक त्याच्या मागे, आणि शक्य तेव्हा मागे राखण करणाऱ्या सेफ्टीचाही कल त्याच्याच बाजूला. मैदानाचा मधला पट्टा त्यामुळे सैल पडतो. टाइट एंड कामाला येतो तो याच पट्ट्यात, बचावाच्या मधल्या फळीतल्या लाइनबॅकरच्या डोक्यावरून आणि सेफ्टीच्या पुढ्यात. बावर्सने तिथली जागा ओळखली, वेळेवर थांबला, वळून मिन्श्यूला चेहरा दाखवला. बाविशीही न गाठलेल्या मुलाने दुसऱ्याच सामन्यात एवढे समजून खेळावे याचे कौतुक व्हायला हवे होते आणि झाले. पण त्या ९८ यार्डांत ॲडम्सचाही वाटा होता, हे सोमवारच्या तक्त्याने सांगितले नाही. तक्त्यात दोघांची नावे एकाखाली एक असतात. एकाने दुसऱ्यासाठी मोकळी केलेली जागा असत नाही.

मग आले ते दोन सामने, ज्यांवर मला खरे म्हणजे थांबायचे आहे. २२ सप्टेंबर, कॅरोलिना पँथर्स: ३ झेल, ४१ यार्ड. २९ सप्टेंबर, क्लीव्हलँड ब्राउन्स: २ झेल, १९ यार्ड. पंधरा दिवसांपूर्वी डोक्यावर घेतलेल्या पोराबद्दल ‘बघा, आला जमिनीवर’ असे म्हणायला हे पुरेसे होते.

पँथर्सचा सामना लवकर उरकू. रेडर्स घरच्या मैदानावर ३६-२२ हरले. समोरच्या अँडी डाल्टनने तीन टचडाउन पास टाकले, आणि इकडे मिन्श्यूला शेवटी बाहेर बसवून एडन ओकॉनेलला आणावे लागले. आक्रमणाचेच धड चालले नव्हते. अशा दिवशी टाइट एंडचे आकडे हे त्याचे नसतात, त्याला चेंडू देणाऱ्याचे असतात. तरी ३ झेलांत ४१ यार्ड म्हणजे झेलामागे जवळजवळ चौदा; जे आले त्याचे त्याने सोने केले. एवढे बोलून पुढे जावे.

ब्राउन्सचा सामना मात्र वेगळा. रेडर्स २०-१६ जिंकले. ॲडम्स मांडीच्या दुखापतीने बाहेर होता, म्हणजे बावर्सला बॉल्टिमोरमध्ये ज्याच्या आडोशाने जागा मिळाली तोच नव्हता. मैदानात ज्याची भीती बाळगावी असा एकच झेलणारा उरला होता आणि तो स्वतः बावर्स. बचावफळीने त्याच्याकडे जास्त माणसे वळवावीत यात नवल नव्हते. रेडर्सचे दोन्ही टचडाउन त्या दिवशी धावून झाले, आणि तेही ट्रे टकर आणि डीजे टर्नर या रिसीव्हरांच्या पायांनी. चेंडू हातात घेऊन कडेने वळसा मारणाऱ्या अशा प्ले टाइट एंडच्या इलाख्यातूनच जातात. कडेवरचा बचावपटू आत ओढला गेला नाही, किंवा वेळेवर अडवला गेला नाही, तर धावणारा जागीच गाडला जातो. ज्याच्याकडे पास जाईल असे बचावफळीला वाटते तो माणूस नुसता विरुद्ध दिशेला पळाला तरी दोन माणसे त्याच्यामागे जातात आणि वाट रुंदावते. शिवाय समोर होता मायल्स गॅरेट, आदल्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू. त्याच्यासमोर क्वार्टरबॅकला उभे ठेवायचे तर टाइट एंडला बरेचदा आपली धाव अर्धा सेकंद उशिरा सुरू करावी लागते: आधी गॅरेटच्या खांद्यावर एक दणका, मग पुढे. त्या अर्ध्या सेकंदात चेंडू दुसरीकडे गेलेला असतो. झेल नाही, यार्ड नाही, नोंद नाही.

ब्लॉक करणे हा बावर्सचा हुकमी एक्का आहे असे मी म्हणणार नाही. किटल ज्या आनंदाने समोरच्याला जमिनीत रोवतो तो आनंद बावर्सच्या अंगात दिसत नाही. एकशे दहा किलोच्या आसपासचे वजन या कामाला जरा कमीच. त्याचे ब्लॉक बहुतेक वाटेत उभे राहण्याचे असतात, हटवण्याचे कमी. पण तो टाळत नाही. पहिल्या फेरीत निवडलेले, पास झेलण्यासाठीच वाखाणले गेलेले टाइट एंड कसे टाळतात ते पाहिलेल्या माणसाला यातला फरक कळतो. १९ यार्डांच्या त्या दिवशीही तो पुढच्या पाससाठी खोळंबल्यासारखा खेळला नाही. मला विचाराल तर हा रविवार बॉल्टिमोरच्या रविवारापेक्षा उजवा. बॉल्टिमोरने सांगितले की त्याला झेलता येते, आणि ते जॉर्जियात सगळ्यांनी पाहिलेच होते. क्लीव्हलँडने सांगितले की चार सामन्यांतच विरुद्ध संघ त्याला मुख्य धोका मानून तयारी करू लागले आणि त्याचा संघ त्या भीतीवर जिंकू शकतो. हंगामभरात रेडर्सनी उणेपुरे चार सामने जिंकले. पहिले दोन याच सप्टेंबरातले, एक त्याच्या ९८ यार्डांचा, दुसरा १९चा.

यानंतरच्या आठवड्यात डेन्व्हरला त्याने ८ झेल घेत ९७ यार्ड मिळवले आणि व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला टचडाउन केला, तोही ५७ यार्डांचा. पुन्हा जयजयकार सुरू. पण हाही तक्ता उलगडून पाहावा: ते ५७ वजा केले तर उरलेल्या सात झेलांत मिळून ४० यार्ड, झेलामागे सहाहून कमी. म्हणजे एक डोळे दिपवणारी धाव आणि बाकी सगळी पडती बाजू सावरण्याची देवघेव. सामना ३४-१८ गेला. डेन्व्हरच्या पॅट सर्टनने मिन्श्यूचा पास अडवून शंभर यार्ड पळत टचडाउन केला तेव्हाच तो फिरला होता. तिथून रेडर्सची सलग दहा पराभवांची मालिका सुरू झाली. ॲडम्स परतलाच नाही, १५ ऑक्टोबरला त्याला न्यूयॉर्क जेट्सकडे धाडण्यात आले, आणि त्या दिवसांत बावर्सचे आकडे फुगू लागले: पिट्सबर्गविरुद्ध ९ झेल, रॅम्सविरुद्ध १०. फुगले म्हणतो ते हिणवण्यासाठी नव्हे. मागे पडलेला संघ पास जास्त टाकतो, घाईत जवळचा माणूस शोधतो, आणि जवळचा माणूस म्हणजे टाइट एंड. पिट्सबर्गविरुद्धच्या ९ झेलांत ७१ यार्ड आणि बॉल्टिमोरच्या ९ झेलांत ९८, या दोन नऊंमध्ये केवढे अंतर आहे! एका नऊमध्ये संघ वर येत होता, दुसऱ्यात ३२-१३ असा बुडत होता.

वर्षअखेरीस, २९ डिसेंबरला न्यू ऑर्लिन्समध्ये त्याने माइक डिटकाचा १९६१पासून टिकलेला १,०७६ यार्डांचा विक्रम मोडला. नवख्या टाइट एंडने एका हंगामात मिळवलेले सर्वाधिक यार्ड. त्याच दिवशी नवख्या खेळाडूच्या सर्वाधिक झेलांचा, आदल्याच वर्षी पुका नाकुआने केलेला १०५चा विक्रमही गेला. हंगामाचा शेवट ११२ झेल आणि १,१९४ यार्डांवर. डिटकाचे चाहते कुरकुरले की म्हातारा चौदाच सामने खेळला होता, बावर्सचा हा सोळावा. कुरकुर रास्त आहे. सामन्यामागे हिशेब केला तर डिटका अजून पुढे आहे, आणि त्याच्या काळात झेलणाऱ्याला वाटेत कोपराने पाडायला बचावपटूंना मोकळे रान होते.

सुरुवातीच्या चार सामन्यांवर विसंबणाऱ्यांनी या जागी टाळ्या वाजवल्या असतील: बघा, आम्ही सप्टेंबरातच म्हणत होतो! त्यांनी काइल पिट्सचा सप्टेंबर जरूर पाहावा. ड्राफ्टच्या इतिहासात सर्वांत वरच्या क्रमांकावर, चौथ्या, घेतलेला हा टाइट एंड. २०२१मध्ये अटलांटाकडून पहिल्या चार सामन्यांत १५ झेल, १८९ यार्ड. बावर्सचे २० आणि २१६. पाचव्या सामन्यात पिट्सने लंडनमध्ये ११९ यार्ड आणि पहिला टचडाउन नोंदवला. बावर्सनेही पाचव्यातच, ९७ आणि पहिला टचडाउन. दोघांनीही पदार्पणात हजाराचा टप्पा ओलांडला. पण पिट्सच्या त्या १,०२६ यार्डांत टचडाउन तो एकच, आणि दुसऱ्या हंगामात दहा सामन्यांत ३५६ यार्डांवर गुडघा दुखावून तो थांबला. दोघांच्या सुरुवातीच्या तक्त्यांत मला तरी असे काही सापडत नाही, ज्यावरून पुढच्या वाटा वेगळ्या होणार हे कळावे. सामने पाहिले तर थोडे सापडते: पिट्स रिसीव्हरच्या जागेवर बाहेर उभा राहून उंचीच्या आणि वेगाच्या जोरावर जिंकत होता, बावर्स आतल्या गर्दीत. पण हेही आता मागे वळून पाहताना सुचते आहे, आणि मागे वळून पाहणाऱ्याला सगळेच स्पष्ट दिसते.

आता दुसरा सप्टेंबर. ७ सप्टेंबर २०२५, फॉक्सबरो, पेट्रियट्सविरुद्ध. नवा प्रशिक्षक पीट कॅरल, नवा क्वार्टरबॅक जीनो स्मिथ. बावर्सने ५ झेलांतच १०३ यार्ड मिळवले, झेलामागे वीसहून जास्त. पहिल्या हंगामात सबंध वर्षभर जो जवळच्या चेंडूंवर राबला तो आता खोलवर पळत होता. रेडर्स २०-१३ जिंकले. आणि त्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला.

पुढचे तीन सामने तो खेळला. तीन सामन्यांत मिळून १२२ यार्ड, टचडाउन एकही नाही, संघाचे तिन्ही पराभव. ‘बिनसले कुठे’चा प्रश्न इथला. उत्तर गुडघ्याला बांधलेल्या पट्ट्यात होते, पण पट्टा दिसला म्हणून दुखणे किती ते कळत नाही. टाइट एंडच्या बाबतीत गुडघा सर्वांत आधी कुठे बोलतो? सरळ धावेत नव्हे. वळताना. ठरलेल्या जागी पाय रोवून एकदम आत कलायचे असते, तिथे अर्धे पाऊल जास्त पडते, आणि मागे असलेला बचावपटू त्या अर्ध्या पावलात येऊन पोहोचतो. क्वार्टरबॅकला दुरून दिसते ते एवढेच, की माणूस मोकळा नाही. तो दुसरीकडे टाकतो. झेल कमी होतात ते असे. शेवटी ऑक्टोबरात संघाने त्याला बसवले, आणि तो नसलेल्या तीन सामन्यांत रेडर्सनी ६, २० आणि ० असे गुण केले. सगळा दोष त्याच्या गैरहजेरीवर टाकता येणार नाही. तो संघ इतर अनेक कारणांनी ढासळत होता. पण कॅन्सस सिटीविरुद्ध भोपळाही न फोडता आलेल्या आक्रमणाकडे पाहिल्यावर, दुखऱ्या गुडघ्याने मिळवलेले ते १२२ यार्ड लहान वाटेनासे होतात.

म्हणून मी दोन्ही सप्टेंबरांची बेरीज पुसून वजाबाकी मांडतो. पहिल्यातून ॲडम्सची सावली वजा करायची, दुसऱ्यातून गुडघा. पहिल्याची किंमत किंचित उतरते, दुसऱ्याची बरीच चढते. दुसऱ्या सप्टेंबराला घसरण म्हणणाऱ्यांनी त्याचे काम मोजलेच नव्हते, त्याच्या दुखण्याचा परिणाम मोजला आणि त्यावर त्याचे नाव लिहिले.

२ नोव्हेंबरला, जॅक्सनव्हिल जॅग्वार्सविरुद्ध तो परतला. १२ झेल, १२७ यार्ड, ३ टचडाउन. वळताना ते अर्धे पाऊल आता जास्त पडत नव्हते. लाइनबॅकर त्याच्या खांद्यापाशी पोहोचत होते, पण चेंडू पोहोचल्यावर. सामना अतिरिक्त वेळेत गेला. पिछाडीवरून टचडाउन केल्यावर रेडर्सनी बरोबरीच्या एका गुणाऐवजी विजयाच्या दोन गुणांसाठी डाव टाकला, तो फसला, आणि ते ३०-२९ हरले. सोमवारी तक्ता वाचणाऱ्यांनी जाहीर केले की बावर्सला सूर गवसला.